काच, रात्र आणि भांगेचे झाड : हिवाळी पिकाच्या इतिहासातील दोन ज्ञानपरंपरा

प्रस्तावना

भांगेच्या झाडाविषयीचे इतिहासलेखन सामान्यतः दोन वाटांनी गेलेले दिसते. एक वाट धार्मिक व सामाजिक व्यवहारातील भांग-गांजाच्या स्थानाची, तर दुसरी ब्रिटिशकालीन अबकारी धोरणाची. या दोन्ही वाटांवर खुद्द झाड मात्र मागे पडते. ते केव्हा पेरले जाते, केव्हा फुलते, त्यातील नर कोणते व मादी कोणती, हे प्रश्न शेतकऱ्याचे किंवा वनस्पतिशास्त्रज्ञाचे मानून इतिहासकाराने बाजूला ठेवले. वस्तुतः या प्रश्नांनाही स्वतःचा इतिहास आहे, आणि तो बराचसा हिवाळ्याशी निगडित आहे.

प्रस्तुत निबंधात या हिवाळी भांगेचा मागोवा दोन ठिकाणी घेतला आहे. पहिले ठिकाण म्हणजे युरोप-अमेरिकेतील काचेने झाकलेले वाफे व काचघरे. दुसरे म्हणजे बंगाल व दख्खनमधील उघडी शेते. पहिल्या ठिकाणी दोन शतकांहून अधिक काळ प्रयोग झाले आणि त्यांतून वनस्पतींच्या लैंगिकतेचे व फुलण्याच्या ऋतुमानाचे शास्त्र उभे राहण्यास मदत झाली. दुसऱ्या ठिकाणी त्याच दोन गोष्टींवर आधारलेली शेती प्रत्यक्ष चालू होती. तिची नोंद झाली, पण ती महसुलाच्या दप्तरात.

काचेखालचा वाफा

थंड प्रदेशात ऋतूआधी भाजी काढण्याची खटपट जुनी आहे. रोमन सम्राट टायबेरियस याला वर्षभर काकडी लागत असे आणि तिचे वाफे चाकांवर बसवून, थंडीत पारदर्शक दगडाच्या तावदानांखाली ठेवले जात, असे थोरला प्लिनी सांगतो. पुढे काच स्वस्त झाल्यावर हीच कल्पना साध्या बागाइतापर्यंत पोहोचली. विटांची किंवा फळ्यांची बुटकी चौकट, दक्षिणेकडे उतरते काचेचे झाकण आणि आत भुसभुशीत माती, एवढेच तिचे स्वरूप होते. अधिक ऊब हवी असल्यास मातीखाली घोड्याच्या ताज्या लिदीचा थर घालीत. तो कुजताना उष्णता देई. एकोणिसाव्या शतकातील पॅरिसभोवतीच्या माळ्यांनी ही कला एवढी वाढविली की ऐन थंडीत शहराला कोवळी सॅलडची पाने मिळत.

या साधनामागे एक गृहीतक होते. थंडी म्हणजेच हिवाळा, आणि थंडी अडविली की झाडाच्या दृष्टीने हिवाळा संपला. कोबी, मुळा, सॅलड यांच्या बाबतीत ते व्यवहारात खरे ठरे, कारण त्या पिकांची फुले कोणाला नकोच होती. काच थंडी अडवते. रात्र अडवत नाही. हा साधा फरक लक्षात येण्यास विसावे शतक उजाडावे लागले, आणि तो लक्षात आणून देणाऱ्या पहिल्या झाडांत भांगेचे झाड होते.

नर, मादी आणि एक न सुटलेले कोडे

भांगेचे झाड विभक्तलिंगी आहे, म्हणजे नरफुले एका झाडावर व मादीफुले दुसऱ्या झाडावर येतात. ताग्यासाठी हे पीक घेणाऱ्या युरोपीय शेतकऱ्यांना दोन प्रकारची झाडे असतात हे ठाऊक होते. परंतु त्यांनी नावे उलटी दिली होती. बारीक, लवकर वाळणाऱ्या नरझाडाला इंग्लंडमध्ये ‘फिंबल’ म्हणत, आणि हा शब्द ‘मादी’ या अर्थाच्या शब्दापासून आलेला आहे. दणकट, बी देणाऱ्या मादीझाडाला ‘कार्ल’, म्हणजे ‘पुरुष’, असे नाव होते. जे थोराड ते पुरुषी, असा तो सरळ हिशेब होता. नावे चुकली तरी काढणीचे वेळापत्रक चुकत नव्हते, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

ट्युबिंगेन येथील वनस्पतिउद्यानाचे प्रमुख रूडॉल्फ कामेरारिउस यांनी १६९४ मध्ये पत्ररूपाने आपला वनस्पतींच्या लैंगिकतेवरील प्रबंध प्रसिद्ध केला. एरंड, मका, तुती अशा झाडांवरील प्रयोगांवरून परागाशिवाय सकस बी धरत नाही असे त्यांनी दाखविले. भांगेने मात्र त्यांची पंचाईत केली. नरझाडांपासून दूर ठेवलेल्या मादीझाडांवरही बी धरले. कामेरारिउस यांनी हा अपवाद लपविला नाही, आणि त्यांच्या प्रामाणिकपणाची ही खूण मानली पाहिजे.

१७६० मध्ये लिनिअस यांनी सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीच्या स्पर्धेसाठी लिहिलेल्या निबंधात पुन्हा भांगच निवडली. एप्रिल महिन्यात कुंड्यांत बी पेरून, त्या घरातील खिडकीत ठेवून, एका कुंडीतील नरझाडे त्यांनी काढून टाकली. त्या कुंडीतील मादीझाडांवर सकस बी धरले नाही आणि लिनिअस यांना पारितोषिक मिळाले. पुढे पाविया येथील लाझारो स्पालांझानी यांनी अलग ठेवलेल्या मादीझाडांवर बी धरल्याचे नोंदवून तो प्रश्न पुन्हा उघडला. एकाच झाडावर, सारख्याच काळजीने केलेल्या प्रयोगांची उत्तरे परस्परविरोधी यावीत, हे अठराव्या शतकातील वनस्पतिशास्त्राला उलगडले नाही. वाऱ्याने दुरून आलेला पराग हे एक संभाव्य स्पष्टीकरण होते. दुसरे स्पष्टीकरण पुढे येईल.

नौगावचे हिवाळी पीक

युरोपात ज्या प्रश्नावर वाद चालला होता, त्याच्या उत्तरावर बंगालमध्ये एक संपूर्ण शेतीव्यवसाय उभा होता. राजशाही, दिनाजपूर व बोगरा या जिल्ह्यांच्या सीमा जेथे मिळतात तेथील ‘गांजा महाल’ हा मर्यादित टापू एकोणिसाव्या शतकात बंगालच्या गांजाचे केंद्र होता. नौगाव हे त्याचे मुख्य ठाणे. आज ते बांगलादेशात आहे. या शेतीची तपशीलवार पाहणी दोघांनी केली. डेप्युटी कलेक्टर हेमचंद्र केर यांचा अहवाल १८७७ चा. कलकत्ता वनस्पतिउद्यानातील वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेन यांचा १८९३ चा. हेच प्रेन पुढे लंडनजवळील क्यू येथील उद्यानाचे संचालक झाले.

या दोन अहवालांतून उभे राहणारे चित्र असे. पाणी न साचणारी उंच जमीन निवडली जाई. पावसाळ्यात, ऑगस्टच्या सुमारास, वाफ्यात रोपे तयार करीत आणि पाऊस ओसरू लागला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ती वरंब्यांवर लावीत. नंतर वरंबे फोडून शेणखत व पेंड देणे, पुन्हा माती चढविणे, खालच्या फांद्या छाटणे आणि थंडीत पाणी देणे अशी मेहनत चाले. फेब्रुवारी-मार्चमध्ये पीक काढणीस येई. काढलेले शेंडे पायाखाली तुडवून चपटा गांजा करीत, किंवा लाटून गोल गांजा करीत. उरलेला चुरा वेगळा विकला जाई. आपल्याकडील रब्बीच्या पिकाशी ताडून पाहिले तर हे वेळापत्रक परके वाटत नाही. फरक इतकाच की येथे धान्य नको होते. बी धरले की पीक बिघडले.

म्हणूनच या शेतीत एका वेगळ्या कारागिराची गरज पडे. त्याला ‘पोद्दार’ किंवा ‘परखदार’ म्हणत. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याचे नाव ‘गांजा डॉक्टर’ असे ठेवले. पोद्दार हा शब्द मूळचा नाणी पारखणाऱ्याचा. नोव्हेंबरच्या सुमारास, फुले नीट उमलण्यापूर्वीच, तो शेतातून फिरे आणि नरझाडे हेरून काढून टाकी. नरफुल उघडण्याआधी ते ओळखणे हीच त्याची विद्या. उशीर झाला तर पराग वाऱ्यावर पसरून केवळ त्याच शेताचे नव्हे, तर शेजाऱ्याच्या शेताचेही नुकसान होई. पीक बियांकडे वळे, राळ कमी धरे आणि भाव पडे. मराठीत ‘तुळशीत भांग’ असे म्हणतात. नौगावच्या शेतकऱ्याला भांगेतच भांग वेचावी लागे.

ही छाटणी एका फेरीत संपत नसे. पोद्दार गेल्यावरही शेतकऱ्याला पुन्हा पुन्हा शेत पाहावे लागे. ही निव्वळ सावधगिरी होती असे वाटण्याचा संभव आहे. परंतु काचघरातील पुढच्या प्रयोगांनी तिला वेगळाच अर्थ दिला.

लागवडीच्या वेळेचाही विचार आवश्यक आहे. नौगाव सुमारे २५ उत्तर अक्षांशावर आहे. तेथे उन्हाळ्यातील सर्वांत मोठा दिवस सुमारे पावणेचौदा तासांचा, तर हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवस साडेदहा तासांचा असतो. शरद संपाताच्या आसपास शेतात लावलेल्या रोपाला पुढे रोज थोडी अधिक लांब रात्र मिळत जाते. त्यामुळे सारे शेत जवळजवळ एकाच वेळी फुलावर येते आणि पोद्दाराला फेरीसाठी ठरावीक आठवडे मिळतात. मळ्यातील पाऊस संपलेला असल्याने राळयुक्त शेंडे कुजण्याचे भय कमी होते. काचेची आवश्यकता नव्हती, कारण थंडी जीवघेणी नव्हती. आणि रात्रीची लांबी निसर्गच पुरवीत होता. ‘रात्र’ हे कारण कोणी उच्चारले होते असे या अहवालांवरून म्हणता येत नाही. पंचांग मात्र त्या कारणाला धरून बसविलेले होते.

अहमदनगर आणि १८९३ चा आयोग

मुंबई इलाख्यात गांजाच्या लागवडीचे मुख्य केंद्र अहमदनगर जिल्हा (आजचा अहिल्यानगर) हे होते, तर मध्य प्रांतात निमाड जिल्ह्यातील खांडवा. अहमदनगर १९ अक्षांशावर असल्याने तेथे लहान व मोठ्या दिवसांतील अंतर आणखी कमी, जेमतेम सव्वादोन तासांचे. तेथेही नरझाडे उपटण्याचे तत्त्व तेच होते, मात्र नौगावसारखा एका बंदिस्त टापूत बांधलेला कारभार मुंबई इलाख्यात नव्हता. मुंबई अबकारी कायदा १८७८ चा; त्याखाली परवाने दिले जात.

ब्रिटिश संसदेत मद्यनिषेधवादी सदस्य डब्ल्यू. एस. केन यांनी १८९३ मध्ये हा विषय उपस्थित केल्यावर भारत सरकारने त्याच वर्षी जुलैमध्ये ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले. पंजाबचे अधिकारी मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष. सात सदस्यांत तिघे भारतीय होते : ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर रॉय, कुंवर हरनामसिंग आणि लाला निहालचंद. आयोगाने ११९३ साक्षीदारांची मते नोंदवून १८९४ मध्ये अनेक खंडांचा अहवाल सादर केला. माफक सेवनापासून व्यवहारतः अपाय होत नाही, संपूर्ण बंदी अनावश्यक आहे, परवाने, कर व लागवडीचे केंद्रीकरण यांनी नियंत्रण ठेवावे, हे त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध आहेत. ते सर्वांना मान्य नव्हते. रॉय व निहालचंद यांनी भिन्नमत नोंदविले, आणि यांपैकी रॉय हे गांजा महाल असलेल्या राजशाही जिल्ह्यातलेच जमीनदार होते.

या अहवालाकडे शेतीच्या इतिहासाचे साधन म्हणून पाहिल्यास एक विसंगती जाणवते. आयोगाचे एक सदस्य सी. जे. एच. वॉर्डन हे कलकत्ता मेडिकल कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ या ग्रंथाचे सहलेखक होते. प्रेन यांचा ताजा अहवाल आयोगासमोर होता. म्हणजे वैज्ञानिक जाण असलेली माणसे उपस्थित होती. तरीही पोद्दाराचे काम नोंदले गेले ते मालाची प्रत व त्यावरील कर या संदर्भात. तो नेमक्या कोणत्या खुणांवरून झाड ओळखतो, मादी म्हणून राखलेल्या झाडावर नंतर नरफुले का दिसावीत, हे प्रश्न वनस्पतिशास्त्राचे प्रश्न म्हणून पुढे नेले गेले नाहीत. आयोगाकडे जे काम सोपविले होते ते पाहता यात नवल नाही. परंतु ज्या दप्तरात ज्ञान साठविले जाते ते दप्तरच त्याचे पुढचे आयुष्य ठरविते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

पॅरिसमधील हिवाळी पेरणी

फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ तुर्न्वा यांचा मूळ विषय लैंगिकता हाच होता. भांगेच्याच कुळातील जपानी हॉपची वेल आणि भांग यांचे बी त्यांनी नेहमीच्या वसंतातील पेरणीआधी, थंडीच्या दिवसांत, काचेखाली पेरले. जे झाड उन्हाळ्यात माणसाच्या डोक्यावर जाते ते जेमतेम काही पाने फुटताच, वीतभर असतानाच फुलावर आले. फुलांतही विकृती दिसल्या. हे निरीक्षण १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या वेळी त्याचे कारण स्पष्ट नव्हते. उष्णता, ओलावा, पोषण अशी अनेक कारणे संभवत होती.

पॅरिस ४९ अक्षांशाजवळ आहे. तेथे सर्वांत लहान दिवस सव्वाआठ तासांचा आणि सर्वांत मोठा सोळा तासांहून थोडा अधिक. काचेखालच्या रोपाला ऊब वसंताची मिळत होती, दिवस मात्र डिसेंबर-जानेवारीचा होता. तुर्न्वा यांनी १९१२ मध्ये प्रकाशाचे तास मुद्दाम कमी करून पाहिले आणि फुलणे लवकर होते हे दाखविले. त्यांचे पुढचे अनुमान अधिक मोलाचे होते. दिवस लहान होण्यापेक्षा रात्र मोठी होणे हे खरे कारण असावे, असे त्यांनी सुचविले. पहिल्या महायुद्धात ते मारले गेले आणि काम अर्धवट राहिले.

अमेरिकेच्या शेतीखात्यातील गार्नर व अॅलर्ड यांनी १९२० मध्ये ‘मेरिलँड मॅमथ’ तंबाखू व सोयाबीन यांच्यावरील प्रयोगांतून याच तत्त्वाची व्यापक मांडणी केली आणि त्याला जे नाव दिले ते मराठीत ‘दीप्तिकालिता’ म्हणून रूढ आहे. त्यांचीही सुरुवात काचघरापासूनच झाली होती. ही तंबाखू उन्हाळ्यात शेतात फुलतच नसे. हिवाळ्यात काचघरात मात्र फुले. रात्रीची सलग लांबीच निर्णायक असते हे तुर्न्वा यांचे अनुमान १९३८ मध्ये हॅमनर व बॉनर यांनी गोखरूसारख्या काटेरी फळांच्या एका रानटी झाडावर सिद्ध केले. मोठ्या रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ प्रकाश दिला तरी ते झाड फुलत नसे.

कामेरारिउस यांच्या कोड्याचा दुसरा उलगडा ओहायो स्टेट विद्यापीठातील जॉन शाफनर यांच्या प्रयोगांत मिळतो. १९२१ मध्ये व त्यानंतर प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्यांनी दाखविले की हिवाळ्यात काचघरात वाढविलेल्या भांगेत मादीझाडांवर नरफुले आणि नरझाडांवर मादीफुले मोठ्या प्रमाणात येतात. वसंतात, वाढत्या दिवसांत पेरलेल्या पिकात असे क्वचितच घडते. दिवस जितका लहान तितका लिंगबदल अधिक, असा संबंध त्यांनी १९२३ मध्ये मांडला. म्हणजे अलग ठेवलेली मादी नेहमीच पूर्णपणे मादी राहते असे नाही. एखाददुसरे नरफूल तिच्याच अंगावर उमलले तरी बी धरू शकते. कामेरारिउस व स्पालांझानी यांच्या झाडांवर नेमके हेच घडले असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण त्यांच्या निरीक्षणांना खोटे ठरविण्याचे कारण उरले नाही.

याच प्रकाशात नौगावच्या शेतकऱ्याच्या पुन्हा पुन्हा होणाऱ्या फेऱ्या पाहिल्या पाहिजेत. त्याचे पीक पूर्णतः लहान दिवसांत फुलावर येत होते. अशा पिकात मादी म्हणून राखलेले झाडही नरफुले काढू शकते. एकदा झालेल्या निवडीवर विसंबून न राहण्याची ही पद्धत केर यांच्या काळात, म्हणजे शाफनर यांच्या निबंधाच्या ४४ वर्षे आधी, चालू होती.

व्यवसायाचा शेवट

१९१७ मध्ये नौगावच्या उत्पादकांनी सहकारी संस्था स्थापन केली आणि सरकारी देखरेखीखाली विक्रीचा कारभार तिच्याकडे आला. फाळणीनंतर हा टापू पूर्व पाकिस्तानात गेला. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थविषयक कराराने जेथे पूर्वापार वापर होता अशा देशांना गैरवैद्यकीय वापर थांबविण्यासाठी २५ वर्षांची मुदत दिली. ती संपत आली असताना, १९८७ मध्ये, बांगलादेशात ही लागवड बंद झाली. भारतात १९८५ च्या कायद्याने गांजा उत्पादनास मनाई केली.

या भारतीय कायद्यातील व्याख्या वाचताना जुन्या शेतीची आठवण होणे अपरिहार्य आहे. ‘गांजा’ म्हणजे झाडाचे फुलावर किंवा फळावर आलेले शेंडे. शेंड्यांसोबत नसतील तर बी आणि पाने त्यातून वगळलेली आहेत. त्यामुळे केवळ पानांची भांग या व्याख्येबाहेर राहते आणि तिचे नियमन राज्यांच्या अबकारी नियमांकडे जाते. पान आणि शेंडा यांतील जो भेद एकेकाळी शेतात भाव ठरवीत असे, तो आता न्यायालयात गुन्ह्याचे स्वरूप ठरवितो. जप्त मालात फुलोरा होता की नुसती पाने होती, यावर बचावपक्ष आजही बोट ठेवतो, आणि ते सांगण्यासाठी साक्षीदार म्हणून आता रासायनिक परीक्षक उभा असतो. पोद्दाराचा धंदा नौगावमध्ये लागवडीबरोबरच संपला.